केसिंग

रात्री साडेनऊला मुबीननं शटर अर्धं ओढलं
आणि आम्ही वाकून आत शिरलो.
पाच जण, एक वर्गणी, एक पासवर्ड,
जो कॅलेंडरच्या मागं लिहिलाय
आणि तरी दर शुक्रवारी अश्लेषालाच विचारावा लागतो.

काउंटरवर पोट उघडून पडलेले फोन,
कुणाचा स्पीकर गेलेला, कुणाची बॅटरी फुगलेली,
मधोमध दुरुस्तीला आलेला टीव्ही, बत्तीस इंची,
मानवतच्या एका गिऱ्हाइकाचा.
त्याला आम्ही तीन आठवडे सांगतोय, पार्ट यायचाय.

'शून्यतळ'. सीझन दुसरा, भाग सहावा.
ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी इथंच थांबावं:
तारिणी गेली.
म्हणजे, गेली असं दाखवलं.
पाण्यासाठी त्या ग्रहाच्या पोटात उतरली,
आठशे मीटर, एका दोरावर.
खालून तीन ठोके आले.
तिनं वर पाहिलं, म्हणाली, "इथं कुणीतरी आधीच आहे,"
आणि दोर सैल झाला.
काळा पडदा. मग नावं.

नावं संपेस्तोवर कुणी बोललं नाही.
मग सगळेच बोलले.

"कायकू मारे उसकू?" मुबीन उभाच राहिला,
हातात स्क्रू ड्रायव्हर, जणू लेखक समोर बसलाय.
"बाकी सब लोगां फालतू, येकिच कामकी थी!"
अश्लेषा कृषी विद्यापीठात माती शिकते.
म्हणाली, मरणाचं सोडा, त्या मातीचा रंग बघा,
असल्या लाल मुरमात शेवाळ धरतं होय?
पहिल्या सीझनला असला ढिसाळपणा नव्हता.
गोदाकाकूंनी पदर डोळ्याला लावला.
त्या मागच्या वर्षी चार्जर घ्यायला आल्या होत्या,
अजून गेल्या नाहीत.
"यानात लेकरू झोपलंय तिचं. उठल्यावर काय सांगतेल त्याला?"

मी शेजारचा झेरॉक्सवाला. मी म्हणालो, कालचक्र.
ती मागच्या काळात पडली, ते ठोके तिचेच.
"हे तू पाचव्या भागाला बी म्हणलास."
"आन चौथ्याला."

तेवढ्यात लाईट गेली.

अंधारात टाक्याच्या धुराचा वास,
आणि कोपऱ्यातून तुळशीदासचा आवाज,
जो बोअरच्या गाडीवर असतो, जिंतूरकडून थेट आलेला,
भुवयांवर अजून दगडाची पांढरी भुकटी.
"मेली नाही ती."
"कामून?"
"केसिंग टाकलं नाही अजून."

कुणी हसलं नाही. तो सावकाश सांगत गेला,
जसं पहिल्यांदाच कुणी त्याला कामाबद्दल विचारलं होतं:
वरचा थर भुसभुशीत असतो,
पाईप उतरवला नाही तर भोक बुजतं.
बोअर फेल गेला तरी पाईप कुणी रानात टाकून जात नाही,
पैसे पडतेत त्याचे.
"तिच्या मागं सहा पाईप उभे होते. मोजले मी.
कुणी हात लावला नाही, कुणी गाडीत भरले नाहीत.
म्हणजे काम बंद नाही केलेलं."

अश्लेषानं मोबाईलवर तो क्षण मागं नेला.
पाच डोकी एका उजेडात.
"सात हायेत. एक आडवा पडलाय."
"आडवा धरत नसतेत," तुळशीदास म्हणाला.

जगात जर्मनी, देशात परभणी,
मुबीननं बंद पंख्याकडं बोट केलं, "और उप्पर?"
"उप्पर तुळशीदास," काकू म्हणाल्या, नाक पुसत.

तेव्हा काउंटरवरचा फोन वाजला.
मानवत.
आता शिव्या, म्हणून सगळे गप्प.
मुबीननं स्पीकर लावला.
"मुबीनभाई," पलीकडून दबका आवाज,
घरात कुणी झोपलं असावं,
"एवढ्याशा मोबाईलवर बघितलं हो, नीट दिसलं नाही.
तारिणी गेली का?"

मुबीननं अंधारात तुळशीदासकडं बघितलं.
"नहीं साहेब," तो म्हणाला,
"अजून केसिंग टाकलं नाही."

बराच वेळ पलीकडं श्वास ऐकू येत होता.
"बरं. आन टीव्ही?"

"पार्ट यायचाय."