चौतीस की चौऱ्याऐंशी

आठ दिवसांत बाराशे सहा फोटो काढले.
समुद्रकाठचा तो प्रसिद्ध बुरूज एकाच फोटोत,
तोही लहरीनं रडून घेतल्यावर,
आणि तिरका.
बाकी सगळं लिस्बन मी दोरीवरच पाहिलं:
या गॅलरीतून त्या गॅलरीत
चादरी, बनियन, जोडीदार हरवलेला मोजा,
आणि टॉवेल.
टॉवेल दिसला की बोट आपोआप दाबलं जायचं.
अंबिका म्हणाली, सव्वीस वर्षं अक्कलकोट रोडला
टॉवेलच मोजताय ना हो,
कर्ज काढून आलो ते हेच बघायला?
हॉटेलातल्या टॉवेलची किनारसुद्धा मी उलटून पाहिली,
आपली आहे का म्हणून.
नव्हती.
बरंही वाटलं, वाईटही.

परत आल्यावर पहिल्या रविवारी
साखर पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत
एकोणीस माणसं.
टीव्हीला वायर जोडली, पंखा पाचवर,
दिवसभराचं ऊन साडेसातलाही भिंतीत बसलेलं.
कडक भाकरी मोडल्याचे आवाज,
शेंगाचटणीवर तेल,
आणि दर दहा फोटोंनंतर नरसय्या मामा:
"कपडेच हायत की बे सगळे. गाव कुठाय?"

अम्मा पलंगावर होती.
तिला नेलं नव्हतं, गुडघ्यांमुळं.
म्हणजे गुडघ्यांमुळं, आणि तिकिटामुळं.
नीट बघत होती ती एकटीच.
हा पीळ सैल आहे, म्हणाली.
ही बाई डावखुरी, चिमटे बघ.
हे सकाळचं धुणं नव्हे.
उजेड कळावा म्हणून मी तीन वर्षं
सिद्धेश्वराच्या तळ्यावर पहाटे जाऊन उभा राहिलो,
आणि ही टॉवेलच्या सावलीवरून वेळ सांगत होती.

मग तो आला, माझा लाडका फोटो.
निळं दार, वर खिडकी,
चादरीमागून अर्धी दिसणारी म्हातारी,
हात वर केलेला.
मला बघून हात हलवला तिनं, मी सगळ्यांना सांगितलं,
काय माणसं असतात एकेक!
थांब, अम्मा म्हणाली.
"अडिगिनवा?"
विचारलंस का तिला?

भाषा येत नव्हती, म्हटलं.
"ती हात हलवत नाहीये. जा म्हणतेय."

अशोक चौकात कांड्या भरायचे मी, तू पोटात होतास.
मालकाच्या मागून एक पाहुणा आला, गळ्यात कॅमेरा.
माझ्या केसांत कापूस, पदर कुठं, काय कुठं.
मीही असाच हात केला.
तोही हसला,
हात हलवून गेला.

मामांनी चटणी मागितली.
लहरीनं पुढचा फोटो लावला नाही.

रात्री पुसूनच टाकणार होतो.
पुसू नकोस, बरा आलाय, अम्मा अंधारातून म्हणाली,
तिला एक पाठव.

नवी पेठेतून छापून आणला.
चकचकीत नको म्हटलं, मॅट द्या.
दारावरचा नंबर मोठा करून करून पाहिला,
चौतीस असावा, की चौऱ्याऐंशी.
गल्लीच्या नावाची फरशी आहे कोपऱ्यात,
पण त्या चादरीनं झाकलेली.
शेवटची तीन अक्षरं तेवढी दिसतात.
पोस्टातल्या मुलीनं नाव विचारलं,
पाकीट परत केलं.

ते आता पलंगाशेजारी असतं,
वर कधी चष्मा, कधी गोळ्यांची पट्टी.
मी रोज रात्री नकाशावर गल्ल्या फिरतो,
तीन अक्षरं घेऊन.
अंबिका म्हणते, वेड लागलंय.
अम्मा म्हणते, घाई कसली,
चादर वाळली की काढेलच ती.
मग वाच.