माग सूत करत नाही

रिपोर्ट मीच टाइप केला.
येमूल राजेशम, पुरुष, वय त्रेसष्ट.
दोन्ही मूत्रपिंडांत कॅल्शियम साचल्याच्या खुणा.
पूर्णविराम दिला.
कागद प्रिंटरमधून हळूहळू बाहेर आला,
मागावरून चादर उतरते तसा.
मग मी पुढचा नंबर पुकारला : सतरा.

विडी घरकुलात नळाला पाणी पाचव्या दिवशी.
मधले चार दिवस बोअरचं.
पातेल्याच्या तळाशी पांढरा थर धरतो,
आई चिंचेनं घासते, नाही निघाला तर सुरीनं खरवडते.
नानांनी विचारलं, आत तसंच झालंय का?
तसंच नाही, म्हटलं.
पण दुसरं कसं सांगायचं तेही सुचेना.

अडतीस वर्षं बारा-बारा तासांची पाळी.
मे महिन्यात पत्र्याखाली अंगाची लाही.
पाणी प्यायलं की उठावं लागतं,
उठलं की नेमका धागा तुटतो.
तहान त्यांनी पगारातच धरली होती.

आणि रोज सकाळी बटण दाबण्याआधी
लांब चोचीच्या डब्यानं
मागाच्या सांध्यासांध्याला तेल. एक दिवस चुकला नाही.
घरातलं तेल मात्र
शेजारच्या कोंडय्याला अटॅक आला त्या वर्षी बंद झालं.
शेंगाचटणी बंद, करडईची बाटली बंद,
कडक भाकरी पाण्यासारख्या आमटीत बुडवून
ते अभिमानानं सांगायचे, थेंब नाही घेत.

डॉक्टर हत्तुरे म्हणाले, सगळंच तेल वैरी नसतं.
काही मेदाम्लं शरीराला घडवताच येत नाहीत,
ती ताटातूनच यावी लागतात.
उंदरांवर बघितलंय,
काही तेलं दिली तर मूत्रपिंडात चुना कमी साचतो.
माणसांचं अजून पक्कं नाही, तेही त्यांनीच सांगितलं.
पाण्याचं मात्र पक्कं. दिवसाला तीन लिटर.

नाना उंदरांपाशीच अडकले.
शेडमधले, खळीचं सूत कुरतडणारे.
त्यांना कोण तेल देतंय, म्हणाले,
आणि कन्ना चौकापर्यंत गप्प.

सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा बोलले :
म्हणजे माग सूत करत नाही, तसं.
कितीही चांगला असू दे,
बाहेरून आणून भरावंच लागतं.

दिवसभर रिपोर्ट टाइप करते मी.
माझ्या एकाही ओळीत हे नव्हतं.

आईनं जवस भाजला. घरात आम्ही अविसे म्हणतो.
तव्यावर तडतडला, सुपाबाहेर उडाला,
लसूण, तिखट, खलबत्त्याचा आवाज,
आणि भाकरीवर कितीतरी वर्षांनी
करडईच्या तेलाची पिवळी धार.
नानांनी बोट बुडवलं, आधी वास घेतला.
बरं की वाईट, काही बोलले नाहीत.

आता मागाच्या खांबाला दोन गोष्टी टांगलेल्या :
तेलाचा डबा, पाण्याची बाटली.
बाटलीच्या गळ्यात लाल सुताला सहा गाठी,
अर्ध्या लिटरला एक सोडायची.

काल रात्री मोजल्या.
दोन तशाच.
धागा तुटत होता, म्हणाले.