ङ

सत्तरीला टेकल्यावर हांदामा
पुन्हा मुळाक्षरं गिरवायला बसली.
उलान-उदे, चौथा मजला, स्वयंपाकघरातलं टेबल,
बाहेर उणे चौतीस,
आत कालच्या माशाचा वास, काही केल्या न जाणारा.

शिकवायला सोल्बोन येतो, मठातला पोरसवदा लामा.
बूट दाराशी काढतो. डाव्या मोज्यातून अंगठा डोकावतो.
ती आधी अंगठा बघते, मग अक्षरं.

क ख ग ङ.
लिपी तिबेटी, पण आपल्याच चुलत घरातली,
घ तेवढा हिमालय चढताना कुठे तरी गळाला.
आणि ङ,
ज्याला आपण शाळेत रांगेच्या टोकाला उभं करतो
आणि मग जन्मभर हाक मारत नाही,
तो इथे एकटाच एक अख्खा शब्द.
"ङ म्हणजे मी," सोल्बोन म्हणाला.
हांदामाने वहीभर मी काढला,
एकही दुसऱ्यासारखा नाही.

पोथी तिच्या आजोबांची.
मठ पाडले त्या साली पिठाच्या कोठीत लपवलेली.
दोन फळ्या, पिवळं फडकं, ब्याण्णव सुटी पानं.
नाही, एक्याण्णव.
चौपन्नावं नाही.

मन कसं वळवावं, एवढंच सांगते पोथी.
म्हणते, मन हा हत्ती, आठवण ही दोरी.
हांदामाने हत्ती एकदाच पाहिलाय,
सर्कशीत, त्रेसष्ट साली.
त्याला स्टुलावर बसवला होता, लोक हसत होते,
आणि त्याच्या पायातली दोरी
तिच्या वेणीच्या रिबिनीहून फार जाड नव्हती.
ती ओळ ओलांडून पुढे जायला
तिला पंधरवडा लागला.

श्वास मोजायचे, एकवीस, न चुकता.
इंजिन-कारखान्याच्या हिशेबखात्यात जन्म गेला,
कोपेकचा फरक निघाला तरी रात्र जागवणारी बाई,
आणि सातव्या श्वासाला
मन इर्कुत्स्कच्या गाडीत बसलेलं,
मुलाच्या दारात, सुनेच्या कपाळावरची आठी बघत.
पुन्हा एकपासून.
ताळेबंद जुळेना.

चौपन्नाव्याचं काय झालं ते मावशीने सांगितलं,
फोनवर, ओरडत, कारण तिला ऐकू येत नाही
आणि तिला वाटतं कुणालाच येत नाही.
"अगं, एकसष्टचा हिवाळा! तुझ्या बुटांचे तळ गेलेले!
तुझ्या आईने पान मधोमध कापलं,
अर्धं डाव्यात, अर्धं उजव्यात.
मी म्हटलं, पोथी पायाखाली? पाप लागेल.
तर म्हणते कशी, पाप मला लागू दे,
गारठा पोरीला नको."

म्हणजे त्या हिवाळ्यात
रोज तीन मैल चालत हांदामा शाळेत गेली,
बाकावर उभं राहून म्हणाली, देव नाही, आत्मा नाही,
शाबासकी घेतली,
आणि चौपन्नावं पान
मोज्याच्या लोकरीशी घासत, अक्षर अक्षर झिजत,
तिला घरी घेऊन आलं.

त्या रात्री ती मोजायला बसली.
सातवा गेला. आठवा.
अकराव्याला पाऊल खाजलं, डावं.
हसू आलं, मोजणी मोडली,
आणि आईचे हात आठवले,
कात्री धरलेले, पिठाने पांढरे.
मग बराच वेळ काहीच मोजलं नाही.

गुरुवारी सोल्बोन हरखून आला,
मठाच्या ग्रंथालयात दुसरी प्रत सापडली होती,
मोबाइलवर चौपन्नाव्याचा फोटो, स्वच्छ, एकही अक्षर न तुटलेलं.
"बघा तर!"
"बघते," हांदामा म्हणाली,
आणि कपाटातून जाड मोज्यांचा जोड काढला,
उंटाच्या लोकरीचा, हाताने विणलेला,
एक टाच जराशी वाकडी.
"आधी हे घाल."