मिक्सिंग खातं

डिप्लोमा करून रबाळ्यात आले
तेव्हा तोंडपाठ होतं सगळं:
कार्बनचा हात कार्बनच्या हातात,
हजारो कड्या, कडेला हायड्रोजन.

पदाजी म्हात्रेंनी ऐकून घेतलं.
मिलच्या दोन रुळांमधून कच्चं रबर
जिभेसारखं लोंबत होतं.
त्यांनी काजळी टाकली, मग झिंक, मग तेल,
आणि सगळ्यात शेवटी, चिमटीनं मीठ घालावं तसं,
पिवळं गंधक.

"दिव्याला आमचा बापूस जाला विनायचा.
नुसतं दोरं टाकून बघ खाडीन,
मासा काय, पानी पन हसंल.
गाठ पायजे. गंधक म्हंजे गाठ."

शेजारच्या शेडमध्ये बादल्या बनतात.
तिथे नुसतेच दोरे:
तापले की घसरतात, निवले की बसतात,
फुटकी बादली दळून पुन्हा बादली.
आमच्याकडे प्रेस उघडला की संपलं.
चुकलेलं गॅस्केट चुकलेलंच राहतं,
वितळत नाही, जळतं फक्त.

त्या महिन्यात मी एक घाणा काढला, गंधक वाढवून.
वाटलं, जितक्या गाठी तितकं बळ.
पट्टी ओढली.
बिस्किटासारखी तुटली.
पदाजींनी तुकडा दाताखाली धरला, थुंकला.
"गाठीगाठीन जागा ठेव गो.
नायतर ताननार कुठशी?"

रात्री केस धुतले, दोनदा.
वास गेला नाही.
केसांचा रबरबँड बोटावर ताणून बसले होते,
सोडला,
तो आपल्या जागी परत आला.