अक्कलखाती

रात्रपाळी संपवून कोंबड्यांच्या कारखान्यातून बाहेर पडलो,
बोटांना अजून क्लोरीनचा वास,
आणि लुएला म्हणाली, घरी जाऊन छताकडेच बघणार ना,
त्यापेक्षा चल.

तिच्या बोटीत फाटकी उशी, थर्मास,
आणि डब्यात ओळीने निजलेले जिग:
शिशाचं डोकं, त्यातून वर आलेला गळ,
खाली रबरी झालर, तपकिरी, मधूनच हिरवट,
जशी एखाद्या किड्याने लग्नाला जायला नेसलेली.
मला हसू आलं.
माझ्या आजोबांनी प्रवाळाच्या कडेपलीकडे
हातदोरीने टुना ओढले, तळव्यांना चरे पडेपर्यंत.
आणि मला मासा धरायला शिकवणार कोण,
तर समुद्र कधीच न पाहिलेली
अर्कान्सासची ही बाई.

"हस," ती म्हणाली. "पण गाठ आवळण्याआधी
तिला थुंकी लाव. कोरडी गाठ ऐनवेळी दगा देते."

पहिला जिग झाडात गेला. काठावरच्या.
दुसरा बुडालेल्या झाडात.
तिसरा कशात, ते तळ्यालाच ठाऊक.
चौथा तुटला तेव्हा तिने हवेतल्या हवेत
वहीत लिहिल्यासारखं बोट फिरवलं:
"अक्कलखाती."

मग म्हणाली, तू ओढतोस. ओढू नकोस.
पडू दे त्याला. पडताना दोर बघ, पाणी नको.
टेकला की दोर सैल होईल,
मग काठीचं टोक इतकंच उचल,
झोपलेल्या पोराचं पांघरूण सारखं करतात ना,
तितकंच.

तासाभराने हाताला ऐकू येऊ लागलं.
चिखल म्हणजे ओलसर काहीच नाही.
खडी म्हणजे भातात खडा लागावा तशी कुरकुर.
लाकूड आधी लाडात येतं, मग धरून ठेवतं,
मग कंटाळून सोडतं.
आणि हे काय?
कडक. थोडं अंतर. पुन्हा कडक. पुन्हा.

"कुंपण," लुएला म्हणाली. "माझ्या मामाचं.
धरण झालं तेव्हा मी चार वर्षांची होते.
रस्ता इथून जायचा. पुढे विहीर होती.
मोठा बास अजून तिथेच बसतो, कट्ट्याच्या सावलीत,
रिकामटेकड्या म्हाताऱ्यासारखा."
आणि तिने थर्मासच्या झाकणात कॉफी ओतली.

गेल्या रविवारी मावशीचा फोन आला होता, बेटावरून.
भरती दफनभूमीत शिरली, म्हणाली,
आजोबांच्या क्रूसाला गुडघाभर पाणी.
हे मी लुएलाला सांगितलं नाही.
टोक उचललं. टेकू दिलं.
खांबामागून खांब मोजत
तिच्या मामाच्या शेताच्या कडेने चालत राहिलो.

झटका आलाच नाही.
मी झटक्याची वाट बघत होतो, समुद्रासारख्या.
इथे नुसतं वजन कमी झालं,
आणि दोर कुणाला न विचारता
डावीकडे निघाला.
मला वाटलं, लाकूड.

"लाकूड चालत नाही, जोरिम!"

मारला हिसका, उशिरा, आणि वर नको तितका.
पाणी फुटलं. हिरवी कूस, काळा पट्टा,
बादलीएवढं तोंड, त्यात माझी झालर,
त्याने मान झाडली
आणि हातावर तुरी देऊन गेला.
जिग बोटीच्या कडेवर येऊन आपटला, टण्.

लुएला इतकी हसली की कॉफी सांडली.
मी बोललो ते आमच्या भाषेत,
पण तिला अर्थ कळला असावा.

झालरीचे तीन धागे गेले होते.
गळाला मातीचा काळा गोळा होता,
मी तो नाकाशी नेला.
शेतासारखा वास नव्हता. कशासारखाच नव्हता.
पाण्यात हात बुडवून धुतला.

दोर खरबरीत झालाय, ती म्हणाली,
वीतभर काप, नव्याने बांध.
कापला. वेढे घेतले, पाच.
आणि आवळण्याआधी, तिने न सांगता,
गाठ ओठांत धरली.