बोहर

काउंटी ऑफिसानं मला धाडलं होतं रुंदी मोजायला.
लेझरचं यंत्र, तिपाई, पिवळं जाकीट
आणि एक तक्ता, ज्यात रस्त्याला नाव नव्हतं,
नुसता आकडा : एल पाच दोन एक सात.

दोन्ही अंगांना दगडी बांध, चुन्याशिवाय रचलेले,
फटींतून वारा शीळ घालत जाणारा.
मधोमध गवताचा पट्टा, गाडीच्या पोटाला घासणारा.
समुद्र कुठं दिसत नव्हता;
ओठांवर खारट लागत होता फक्त.

बारब्रे फाटकाला टेकून बघत होती.
ऐंशीला एक कमी. पायात नवऱ्याचे गमबूट.
नवरा जाऊन अकरा वर्षं, बूट अजून शाबूत.
"काय मोजतोस, मकदारा?"
माझं नाव तिला कुणी सांगितलं कोण जाणे.
बोहर मोजतोय, म्हटलं. बोहर म्हणजे रस्ता, आमच्या बोलीत;
पहिल्या यत्तेतला शब्द.
"मग ते डबडं कशाला?
शब्दातच माप आहे की."

बो म्हणजे गाय.
ठाऊक होतं मला,
जशी शर्टाच्या आत आपली पाठ आहे
हे ठाऊक असतं.

ती म्हणाली, गाय जाते ती वाट, तो बोहर.
जुनी माणसं सांगत, वाटेत दोन गायी मावल्या पाहिजेत :
एक उभी, एक आडवी.
त्याहून अरुंद ती पायवाट,
शेळ्यांची, चोरांची, प्रेमात पडलेल्यांची.
त्याहून रुंद ती राजाची,
आणि राजे इथल्या हवेत टिकत नाहीत.

"बुअखल म्हणजे?" तिनं विचारलं, फळ्यापुढं उभं केल्यासारखं.
मुलगा.
"गुराखी," ती म्हणाली. "आधी गुराखी.
मुलगे मागाहून झाले."
माझ्या बाहीवर लाल ठिपक्यांचा किडा येऊन बसला.
तिनं तो बोटावर घेतला.
"आणि ही देवाची गाय. एवढीशी.
देवाचा चहा बिनदुधाचाच असणार."

मग तिनं हाक मारली.
ड्रिमन आली : काळी, कण्यावरून पांढरा पट्टा,
कुणाचंच देणं नसल्यासारखी चाल.
बांधाला लागून राहिली,
जणू दर मंगळवारी हेच काम.
"ही उभी. आता आडवी?"

दुसरी गाय नव्हती.
सहा होत्या एके काळी; चार बाजारात गेल्या,
एक दलदलीत, दोर तुटून.
बारब्रेनं माझ्याकडे पाहिलं.

पोटच्या पोरालाही सांगणार नाही मी हे :
जाकीट काढून आडवा झालो रस्त्यात,
टाचा एका बांधाला, हात डोक्यावरून ताणलेले,
बोटं ड्रिमनच्या खुरांपाशी.
खालून गाय फार मोठी दिसते.
तिच्या पोटात काहीतरी गुरगुरत होतं, लांबच्या गाडीसारखं,
आणि मग खरंच गाडी आली, टपालाची.
पोस्टमननं काच खाली केली,
आम्हा तिघांकडे पाहिलं, इंजिन बंद केलं,
डबा उघडून सँडविच खायला लागला.

रुंदीच्या रकान्यात मी लिहिलं : दोन गायी.
ऑफिसानं ते खोडून तीन मीटर केलं,
शेरा मारला : अपुरी.

बारब्रे फेब्रुवारीत गेली.
रस्ता अजून तेवढाच होता; निधी अडकला होता कुठंतरी.
चॅपलपर्यंत आम्ही सहा जणांनी तिला खांद्यावर नेलं.
वळणावर ड्रिमन, बांधाला लागून.
कुणी हाकललं नाही, ती हलली नाही.

एक उभी.
एक आडवी.

जागा पुरली.
माझं कोपर तेवढं दगडाला खरचटलं.