शून्य ते पाच

तार्तूत जानेवारीचा दिवस साडेतीनलाच गाशा गुंडाळतो.
पिशवीत चाळीस फॉर्म आणि पेन्सिली,
कारण पेनातली शाई इथल्या जिन्यांत गोठते.
विद्यापीठाने नेमून दिलेली गल्ली, नेमून दिलेले प्रश्न:
त्याला भूक लागते का. भीती वाटते का.
ते बेत आखतं का. शब्द दिला तर पाळतं का.
टाकून बोललं तर मनाला लावून घेतं का.
शून्य म्हणजे मुळीच नाही,
पाच म्हणजे तुमच्याइतकं.

"माझ्याइतकं?" हेल्दुर हसतो,
चाळीस वर्षं गिरणीचे हिशेब लिहिलेला माणूस.
"बेत पाच. आठवण पाच. भूक शून्य, लाज शून्य.
लिहा, लिहा.
आमचे मोठे साहेब हुबेहूब असेच होते."

कारी रात्रपाळीची नर्स.
ती आधी विचारते, किती वाजताचं सांगू?
आत्ता, जेवून उठल्यावर, एक.
पहाटे तीनला, वॉर्ड घोरत असताना,
ते पडद्यावरून विचारतं
तुझं मनगट कसं आहे आता,
तेव्हा चार.
फॉर्मवर वेळेचा रकाना नाही.
मी दोन आणि तीनच्या मधल्या
कोऱ्या जागेला गोल करते.

एंदेल दार अर्धंच उघडतो.
फटीतून आधी कुत्र्याचं नाक, मग त्याचं.
"अकरा वर्षं झाली ह्याला.
ह्याची चौकशी करायला कुणी आलं नाही कधी."
दार बंद.
मी लिहिते: नकार.
आतून बराच वेळ भुंकणं येत राहतं,
ते कुठे लिहायचं कळत नाही.

उकू नऊ वर्षांचा, आईच्या परवानगीने.
सगळीकडे पाच. भुकेलासुद्धा पाच.
खाली, घरोघर जेवण पोचवणारी सहा चाकी पेटी
बर्फात रुतलीय, नारिंगी झेंडा थरथरतोय.
उकू खिडकी उघडतो,
कठड्यावरचं बर्फ मुठीत वळतो, नेम धरतो.
अरे, त्याला दुखतं म्हणालास ना?
"म्हणून तर," तो म्हणतो,
"खांबाला मारण्यात काय मजा?"

शेवटचं घर विर्वेबाईंचं, पाचवा मजला.
रेल्वेत सिग्नल सांभाळायच्या.
नगरपालिकेने स्वयंपाकघरात बसवून दिलंय ते,
गोळ्यांची आठवण करायला,
ब्रेडच्या डब्याशेजारी, लोकरीच्या रुमालावर.
रुमाल कुणी विणला, मी विचारत नाही.
त्या प्रश्न वाचतात, चष्मा पुसतात, परत वाचतात.
मग माझा कोट खुंटीवरून काढून माझ्या हातात देतात
आणि मला बाहेर जिन्यात आणतात,
थंडीत, घरातल्या सपातांवर.
दार ओढून घेतात. कडी लागल्याची खात्री करतात.

"शून्य," कुजबुजतात.
"सगळं शून्य. यंत्र आहे ते, मी काय खुळी आहे?
पण समोरासमोर कसं सांगायचं?"

पेन्सिल इतकी दाबतात
की सातव्या शून्याला कागद फाटतो.
मग आत जाता जाता, माझ्याशी नव्हे,
मोठ्याने म्हणतात,
"आले गं, आले. पाहुणी होती, वीजमीटर बघायला."

शेऱ्याच्या जागी मी लिहिते: दार लावून सांगितलं.
थोडा वेळ बघते.
सोमवारी आकडे भरताना हा रकाना
कुणी उघडतही नाही, हे मला ठाऊक आहे.

खाली पेटी अजून तिथेच, चाकं गरगर फिरतायत.
आत कुणाचं तरी सूप निवत असणार.
मी पिशवी खाली ठेवते, गुडघा टेकते, मागून रेटा देते.
ती सुटते, थोडी तिरकी होते, सावरते,
धन्यवाद म्हणते, ठरलेल्या आवाजात.

"असू दे गं," मी म्हणते,
आणि चटकन वर बघते,
उकूची खिडकी लागलेली आहे ना.